नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' या दोन वाक्प्रचारांत अवघ्या एका मात्रेचे अंतर आहे. पहिल्यात बारशाचे मांगल्य आहे, दुसऱ्यात निंदेचा सूर. वर्गीकरणाच्या व्यवहारात हे अंतर बहुधा टिकत नाही. एखाद्या गोष्टीला कोणत्या कप्प्यात घालायचे हे ठरवून आपण तिचे नाव ठेवतो, तेव्हा तिची पायरीही ठरवत असतो. हा विचार साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. 'दलित साहित्य', 'ग्रामीण साहित्य', 'स्त्रीवादी साहित्य' या नावांभोवतीचे वाद आपण वर्गात शिकलो आणि शिकवलेही आहेत. परंतु त्याच वादाचे एक फारसे परिचित नसलेले प्रकरण संगणकाच्या इतिहासात सापडते, आणि ते आजच्या कचेरीपर्यंत येऊन पोहोचते.

आधी कचेरीविषयी. आज असंख्य ठिकाणी कामाचे बोलणे स्लॅक किंवा तत्सम संदेशप्रणालीवर होते. तेथे विषयवार दालने असतात; त्यांना चॅनेल म्हणतात. माणसे वाढली की चॅनेले वाढतात, आणि मग कोणीतरी एक नियमावली तयार करते. विभागाच्या चॅनेलाचे नाव 'टीम-' ने सुरू व्हावे, प्रकल्पाचे 'प्रोज-' ने, मदत मागण्याचे 'हेल्प-' ने, घोषणांचे 'अनाउन्स-' ने, गप्पांचे 'सोशल-' ने. नावात मोकळी जागा नको, शब्द आडव्या रेघेने जोडावेत. तारीख घालायची तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. म्हणजे वर्णानुक्रमे लावलेली यादी आपोआप कालानुक्रमेही लागते. नियम साधे आहेत आणि उपयुक्तही. उपसर्ग समान असला की एका जातीची चॅनेले यादीत शेजारी-शेजारी येतात, आणि नवख्या माणसाला कोठे विचारावे ते कळते. हे सारे वाचून साहित्याच्या वाचकाला जांभई आली तर तिला दोष देता येणार नाही. मात्र हे नियम ज्या परंपरेतून आले तिच्यात दूरध्वनीची बिले आहेत, पाककृती आहेत, बंड आहे, आणि साहित्याला 'करमणूक' ठरवण्याचा एक निर्णयही आहे.

या परंपरेचे मूळ युजनेटमध्ये आहे. १९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात शिकणाऱ्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना ही कल्पना सुचली. जवळच्याच नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांनी तिची पहिली आज्ञावली लिहिली. एका संस्थेचा संगणक दुसऱ्या संस्थेच्या संगणकाला दूरध्वनी करी, आपल्याकडील नवे लेखन त्याला देई आणि त्याच्याकडील घेई. तो पुढे तिसऱ्याला. या जाळ्याला मालक नव्हता, मुख्य कचेरी नव्हती. प्रत्येक संस्था आपल्या संगणकापुरती राजा होती, आणि आपल्या दूरध्वनीचे बिलही तीच भरत होती. पुढे जे घडले त्याचे बीज या शेवटच्या वाक्यात आहे.

लेखन विषयवार गटांत विभागलेले असे. गटाचे नाव टिंबांनी जोडलेल्या घटकांचे. सुरुवातीच्या वर्षांत पहिला घटक मुख्यतः तीनांपैकी एक असे: सर्वांसाठी खुल्या गटांना 'नेट', संपादकाच्या नजरेखालून जाणाऱ्या गटांना 'मॉड', आणि आर्पानेट या जुन्या जाळ्यावरील पत्रव्यवहार जेथे येऊन पडे त्यांना 'एफए', म्हणजे 'आर्पानेटकडून'. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की हा पहिला घटक लेखन कोणत्या वाटेने आले एवढेच सांगत होता. ते कशाविषयी आहे याबद्दल तो मौन बाळगून होता. पुस्तके 'नेट.बुक्स' मध्ये, कविता 'नेट.पोएम्स' मध्ये, राजकारण 'नेट.पॉलिटिक्स' मध्ये, सारे एकाच ओळीत, कोणी वर नाही, कोणी खाली नाही.

या काळातील दोन नावे थोडी थांबून पाहण्यासारखी आहेत. पहिले 'नेट.जनरल'. सर्वांनी वाचलेच पाहिजे असे निवेदन येथे यावे ही अपेक्षा होती. पण आपले म्हणणे सर्वांनी वाचलेच पाहिजे असे प्रत्येकालाच वाटते. त्यामुळे तेथे किरकोळ मजकूर येऊ लागला, आणि त्यावरच्या प्रतिक्रिया तर अधिकच. त्या प्रतिक्रिया वळवून घेण्यासाठी 'नेट.फॉलोअप' नावाचा वेगळा गट ठेवावा लागला. ज्यांनी कचेरीच्या '#जनरल' चॅनेलावर एकाच्या निवेदनाखाली पन्नास अभिनंदने वाचली आहेत, त्यांना ही अडचण परकी वाटणार नाही.

दुसरे नाव 'नेट.मॉट्स'. १९८३ साली स्टीव्ह डायर यांनी समलिंगी स्त्रीपुरुषांच्या चर्चेसाठी हा गट सुरू केला. 'मॉट्स' हे 'समान लिंगाच्या व्यक्ती' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून बनलेले नाव. उघड शब्द टाळून निवडलेले हे नाव यादी चाळणाऱ्या व्यवस्थापकाच्या डोळ्यांत खुपणारे नव्हते. नाव ओळख सांगण्यासाठी असते. येथे ते जाणणाऱ्याला ओळख देत होते आणि न जाणणाऱ्याच्या नजरेतून सुटत होते. आपल्या संतकाव्यातील कूटरचना ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना या दुहेरी कामाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

१९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत गट भराभर वाढले आणि बिलेही वाढली. काही मोठ्या संस्था दूर अंतराची वाहतूक स्वतःच्या खर्चाने करीत. त्यांना जाळ्याचा 'कणा' म्हणत, आणि त्यांच्या व्यवस्थापकांना थोड्या चेष्टेने 'कण्याचे कारस्थानी मंडळ'. अमेरिका आणि युरोप यांच्यामधला दुवा एका बाजूला 'साइस्मो' नावाच्या संगणकावर होता. तो रिक अॅडम्स सांभाळत. पलीकडच्या टोकाला अॅमस्टरडॅम होते. महासागरापार येणाऱ्या मजकुरासाठी युरोपातील संस्थांना पैसे मोजावे लागत, आणि धर्म व राजकारण यांवरच्या न संपणाऱ्या भांडणांसाठी ते मोजण्याची त्यांची इच्छा नव्हती. कोणते गट घ्यायचे आणि कोणते नाकारायचे हे प्रत्येक संगणकाला नावाच्या नमुन्यावरून सांगता येई. पण सगळ्यांचाच आरंभ 'नेट' ने होत असल्यामुळे नको असलेला प्रत्येक गट एकेक करून लिहावा लागे. पहिल्या घटकालाच अर्थ दिला, तर एका ओळीत अख्खी शाखा नाकारता येणार होती.

यातून जे घडले त्याला इंग्रजीत 'ग्रेट रिनेमिंग' म्हणतात. मराठीत सहज सुचणारा शब्द 'नामांतर' आहे. परंतु मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ या काळात जो लढा झाला, त्यात माणसांची घरे जळली आणि प्राण गेले. त्या शब्दावर तो भार आहे, आणि तो येथे उसना घेणे उचित नाही. म्हणून मी 'फेरनामकरण' म्हणतो.

हे फेरनामकरण जुलै १९८६ मध्ये सुरू झाले आणि मार्च १९८७ मध्ये पूर्ण झाले. जीन स्पॅफर्ड आणि कण्यावरील इतर व्यवस्थापक यांचा त्यात पुढाकार होता. जुने 'नेट' आणि 'मॉड' हे उपसर्ग गेले आणि सात शाखा आल्या: संगणकासाठी 'कॉम्प', विज्ञानासाठी 'साय', समाज व संस्कृतीसाठी 'सोक', करमणुकीसाठी 'रेक', युजनेटच्या स्वतःच्या कारभारासाठी 'न्यूज', उरलेल्यासाठी 'मिस्क', आणि वादविवादासाठी 'टॉक'. यांपैकी 'टॉक' ही शाखा मुळातच नाकारता यावी म्हणून बांधलेली होती. 'नेट.पॉलिटिक्स' चे 'टॉक.पॉलिटिक्स.मिस्क' झाले, 'नेट.रिलिजन' चे 'टॉक.रिलिजन.मिस्क', 'नेट.फिलॉसफी' चे 'टॉक.फिलॉसफी.मिस्क'. तत्त्वज्ञान हे नुसते बोलणे आहे, असा निवाडा कोणी शब्दांत दिला नाही. तो उपसर्गाने दिला.

साहित्याचे काय झाले? 'नेट.बुक्स' चे 'रेक.आर्ट्स.बुक्स' झाले आणि 'नेट.पोएम्स' चे 'रेक.आर्ट्स.पोएम्स'. म्हणजे ग्रंथ आणि काव्य ही विमाने, मोटारी आणि पाककृती यांच्यासोबत करमणुकीच्या शाखेत गेली. हे योजनाकारांनी साहित्याच्या द्वेषापोटी केले, असे म्हणण्यास काहीच आधार नाही. ते संगणकाचे लोक होते. नोकरीचा भाग म्हणून वाचायचे ते एका बाजूला आणि फावल्या वेळचे ते दुसऱ्या बाजूला, ही विभागणी त्यांच्या दृष्टीने सरळ होती. कविता वाचणे हा ज्याचा व्यवसाय आहे असा मनुष्य त्यांच्या नकाशावर नव्हता. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. वर्गीकरण करणारा बहुधा दुष्ट नसतो. तो आपल्या टेबलावरून जेवढे दिसते तेवढ्याचे कप्पे करतो, आणि जे दिसत नाही ते दुसऱ्या कशाच्या तरी पोटात जाते. ही उणीव भरून निघायला आठ वर्षे लागली. १९९५ साली 'ह्युमॅनिटीज' ही आठवी शाखा निघाली आणि शेक्सपिअरच्या चर्चेला तेथे स्वतंत्र गट मिळाला. गंमत अशी, की 'रेक.आर्ट्स.बुक्स' आपल्या जागीच राहिला. एव्हाना तेथे वाचकांची वसाहत झाली होती, आणि नाव चुकीचे होते म्हणून कोणी घर सोडत नाही.

भारतीयांच्या वाट्याला जे आले तेही पाहण्यासारखे आहे. फेरनामकरणापूर्वी भारताविषयीचा गट 'नेट.एनलँग.इंडिया' या नावाचा होता. 'एनलँग' म्हणजे नैसर्गिक भाषा. संगणकाची नव्हे, माणसाची. ज्या जगात 'भाषा' म्हटले की आज्ञावलीची भाषा आधी आठवे, तेथे माणसांचे देश भाषेच्या एका उपकप्प्यात बसवले होते. फेरनामकरणात 'नेट.एनलँग' चे 'साय.लँग' झाले, म्हणजे भाषाशास्त्र विज्ञानात गेले, आणि भारत 'सोक.कल्चर.इंडियन' झाला. एका फटक्यात आपण भाषेतून संस्कृतीत आलो. पुढे या गटाखाली पोटगट निघाले. त्यांतला एक 'सोक.कल्चर.इंडियन.मराठी'. परदेशी शिकायला आणि नोकरीला गेलेल्या मराठी माणसांना हा गट परिचित होता. त्याची भावंडे एकत्र ठेवली तर एक मौज दिसते. मराठी आणि तेलुगू भाषेच्या नावाने आल्या. केरळ, कर्नाटक आणि गोवा प्रदेशाच्या नावाने. हे सगळे 'इंडियन' च्या पोटात होते. तमीळ, बंगाली आणि पंजाब मात्र 'सोक.कल्चर' च्या थेट खाली, 'इंडियन' च्या शेजारी. या भाषा भारताच्या सीमेपलीकडेही बोलल्या जातात, हे आठवले की त्या टिंबांच्या जागांकडे निराळ्या नजरेने पाहता येते. भाषा, प्रांत आणि राष्ट्र यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न गटाचे नाव लिहिणाऱ्यालाही चुकवता आला नव्हता. नावे अर्थातच रोमन लिपीत होती, आणि त्यांखालची मराठीही बव्हंशी रोमन लिपीतच लिहिली जाई.

फेरनामकरणाला पहिले ठोस उत्तर स्वयंपाकघरातून आले. ब्रायन रीड पाककृतींचा एक संपादित गट चालवीत. आपल्या गटाचे नाव आता 'रेक.फूड.रेसिपीज' होणार हे त्यांना रुचले नाही. जॉन गिल्मोर यांना अमली पदार्थांविषयी चर्चा करणारा गट हवा होता. कण्यावरील मंडळी तो वाहून नेण्यास राजी नव्हती. ७ मे १९८७ रोजी कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील एका खाणावळीत रीड, गिल्मोर आणि गॉर्डन मॉफेट एकत्र बसले, आणि कण्याला वळसा घालून आपापल्या संगणकांमध्ये थेट देवाणघेवाण करण्याचे त्यांनी ठरवले. या नव्या शाखेचे नाव 'आल्ट', म्हणजे 'पर्यायी'. तिच्यातील अगदी सुरुवातीच्या गटांत 'आल्ट.गुर्मांड' होता, रीड यांच्या पाककृतींना त्यांच्या मनाजोगे नाव मिळाले.

सात शाखांमध्ये नवा गट काढायचा तर चर्चा आणि मतदान अशी पद्धत रूढ झाली होती. १९८८ साली लैंगिक विषयावरील 'सोक.सेक्स' हा गट मतदानात संमत झाला, तरी तो निर्माण करण्यास स्पॅफर्ड यांनी नकार दिला. एप्रिल १९८८ मध्ये रीड यांनी 'आल्ट.सेक्स' काढला. 'आल्ट.ड्रग्ज' आधीच होता. मग त्यांनी 'आल्ट.रॉक-एन-रोल' हाही गट निर्माण केला. इंग्रजीतील प्रसिद्ध त्रिकूट त्यावाचून अपुरे राहिले असते. पुढे 'आल्ट' इतकी फोफावली की वाहतुकीत तिने सातही शाखांना मागे टाकले. ज्या मजकुराला आवर घालण्यासाठी नामसंकेत आणला, त्याला त्या संकेताबाहेर अधिक मोठे घर मिळाले.

येथून कचेरीच्या चॅनेलापर्यंतची वाट फिनलंडमधून जाते. ऑगस्ट १९८८ मध्ये औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही तत्काळ गप्पांची प्रणाली लिहिली. 'चॅनेल' हा शब्द तेथला. आरंभी या चॅनेलांना नावे नव्हती, क्रमांक होते. नंतर नावे आली आणि त्यांच्या आधी '#' हे चिन्ह आले. मे १९९३ च्या तिच्या अधिकृत दस्तऐवजानुसार '#' म्हणजे साऱ्या जाळ्यावर दिसणारे चॅनेल आणि '&' म्हणजे एकाच संगणकापुरते. २००७ साली ख्रिस मेसिना यांनी ट्विटरसाठी हॅशटॅग सुचवला तोही याच परंपरेच्या आधारे. फ्रीनोड नावाच्या आयआरसी जाळ्यावर आणखी एक संकेत होता: एक '#' असेल तर ते चॅनेल त्या प्रकल्पाचे अधिकृत, '##' असेल तर त्या विषयावर जमलेल्या कोणाचेही. मे २०२१ मध्ये फ्रीनोडच्या मालकीवरून तंटा झाला, जुने कार्यकर्ते बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा हे नवे जाळे उभारले. ज्या चॅनेलांनी आपल्या फलकावर नव्या पत्त्याचा उल्लेख केला, अशी शेकडो चॅनेले फ्रीनोडच्या नव्या चालकांनी ताब्यात घेतली. नाव वर्षानुवर्षे वापरणाऱ्याचे की ते ज्या फलकावर लिहिले आहे त्याच्या मालकाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवसांत अनेकांना एका झटक्यात कळले.

स्लॅक हे आयआरसीचे अपत्य आहे, आणि तेही अपघाताने जन्मलेले. स्टुअर्ट बटरफील्ड यांची कंपनी 'ग्लिच' नावाचा खेळ बनवीत होती. तो खेळ २०१२ च्या अखेरीस बंद पडला, पण तो बनवताना आपसांत बोलण्यासाठी आयआरसीच्या आधाराने उभारलेले साधन उरले. २०१३ मध्ये ते जगापुढे आले आणि फेब्रुवारी २०१४ पासून सर्वांना खुले झाले. '#' तेच राहिले, 'चॅनेल' हा शब्दही. नावात टिंब चालत नाही, त्यामुळे युजनेटच्या टिंबांचे काम आडव्या रेघेने पत्करले. दीर्घकाळ प्रत्येक नव्या कचेरीला दोन चॅनेले जन्मतःच मिळत, '#जनरल' आणि '#रँडम'. 'नेट.जनरल' आणि 'नेट.मिस्क' यांची ही नातवंडेच म्हणायची. रोमन लिपीतील मोठी अक्षरे नावात चालत नाहीत. देवनागरीला लहानमोठे अक्षर ठाऊकच नाही, तेव्हा निदान या एका नियमापासून आपण जन्मतः मुक्त आहोत.

मात्र एका बाबतीत कचेरी युजनेटहून पूर्णपणे वेगळी आहे. येथे 'आल्ट' काढता येत नाही. संगणक एकाचा, बिल एकाचे, नामसंकेतही त्याचाच. 'अनाउन्स-' वर कोण लिहू शकतो हे वरून ठरते. काम कशाला म्हणायचे आणि गप्पा कशाला, हे उपसर्ग ठरवतो. पगारातील तफावतीची चर्चा 'टीम-' मध्ये बसत नाही, 'प्रोज-' मध्ये बसत नाही, आणि 'सोशल-' मध्ये ती अशोभनीय वाटते. अशी चर्चा थांबते असे मात्र नाही. ती व्हॉट्सअॅपवरच्या खासगी गटात जाते, आणि त्या गटाचे नाव 'चहा' किंवा 'कट्टा' असे काहीतरी निरुपद्रवी असते. 'मॉट्स' हे नाव ज्या विवेकाने निवडले गेले तोच विवेक येथेही असतो. खाणावळीत बसलेल्या त्या तिघांना उघडपणे जे करता आले ते आता आडोशाने होते, आणि त्यामुळे संकेत ठरवणाऱ्याला आपली यादी कोठे अपुरी पडली हे कळायची सोयही उरत नाही.

मग नामसंकेत करूच नये काय? तसे मला म्हणायचे नाही. 'नेट' च्या एका ओळीतील गर्दी खरी होती, युरोपची बिले खरी होती, आणि रिक अॅडम्स यांच्यापुढची अडचण कल्पित नव्हती. संकेत नसलेल्या कचेरीत नवख्याचे किती हाल होतात हेही अनेकांनी पाहिले असेल. युजनेटच्या इतिहासातून मला जो बोध मिळतो तो मर्यादित आहे. संकेत ठरवताना तो किती नीटनेटका आहे याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: 'इतर' च्या कप्प्यात काय काय जाऊन पडते, आणि ज्यांचे नाव ठेवले जात आहे त्यांना ते बदलून मागण्याची काही वाट आहे का. युजनेटवर ती वाट अडखळत का होईना होती. मतदान होते, ते नाकारले गेले तर 'आल्ट' होती, आणि अखेर 'ह्युमॅनिटीज' ही आली.

कविता करमणुकीच्या शाखेतच राहिली, आणि ती तेथे वाचलीही गेली, तिच्यावर भांडणेही झाली. नावाने तिचे फार बिघडले नाही, असे कोणी म्हणेल. कदाचित खरेही असेल. पण एखाद्या संस्थेच्या व्यवस्थापकाने खर्च वाचवण्यासाठी एका ओळीत 'रेक' ही सारी शाखा बंद केली असेल, तर तेथल्या वाचकापर्यंत ती कविता पोहोचलीच नसणार. आणि आपल्याला काय मिळाले नाही, हेही त्याला कळले नसणार.